रेसिंग इंजिनचे रोलर लिफ्टर: सांगली-मिरज-कुपवाडकडून सारखे येणारे प्रश्न

आमच्या शेडमध्ये हेड आणि कॅमचं काम चालतं, आणि फोनवर रोज तेच तेच विचारलं जातं, म्हणून एकदाच सगळं इथं लिहून टाकतोय. आधी वाचा, मग फोन करा, म्हणजे बोलणं पण पुढचं होईल. एक गोष्ट सारखी सारखी येईल ती आताच सांगतो: सॉलिड रोलर लिफ्टर मरायच्या आधी टॅपेट क्लिअरन्समधून, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असताना ठेवलेल्या बारीक फटीतून, सांगून जातो, फक्त फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन ऐकणारा पाहिजे.

रोलर लिफ्टर म्हणजे नेमकं काय? साध्या टॅपेटपेक्षा वेगळं काय असतं त्यात?

पुशरॉडवाल्या इंजिनात कॅम खाली ब्लॉकमध्ये असतो आणि व्हॉल्व्ह वर हेडमध्ये. कॅमच्या लोबवर, म्हणजे फुगवट्यावर, बसून पुशरॉडला वर ढकलणारा जो दंडगोल तुकडा, तो लिफ्टर, त्यालाच टॅपेट पण म्हणतात. फ्लॅट टॅपेटचा तळ जवळजवळ सपाट असतो, अगदी थोडा फुगीर, आणि लोबला थोडा उतार दिलेला असतो, त्यामुळं चालताना टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो आणि एकाच जागी घासत नाही. रोलरमध्ये तळाला पोलादी चाक असतं, चाकात अॅक्सल, आणि अॅक्सलभोवती बारीक नीडल (सुईसारखे रोलर) नाहीतर बुश. म्हणजे घासण्याच्या जागी लोळणं आलं. पण मग हा लिफ्टर स्वतःभोवती अजिबात फिरता कामा नये, चाक तिरकं झालं की लोब पण गेला आणि लिफ्टर पण गेला.

नुसते रोलर लिफ्टर टाकले तर पॉवर किती वाढेल?

नुसत्या लिफ्टरनं म्हणाल तर घर्षण थोडं कमी होतं, बाकी काही नाही. आणि फ्लॅट टॅपेटच्या कॅमवर रोलर लिफ्टर टाकायचाच नाही, लोबचा आकारच वेगळा असतो आणि त्यावर तो उतार पण असतो.

खरा फायदा कॅमच्या आकारात आहे. फ्लॅट टॅपेटला लोब किती वेगानं उचलू शकतो याला टॅपेटच्या व्यासाची मर्यादा असते, त्याच्या पुढं गेलं की लोब टॅपेटच्या कडेला लागतो आणि कड खणायला लागते. शेवरलेटच्या स्मॉल ब्लॉकचा ०.८४२ इंची टॅपेट धरला तर कॅमच्या एका अंशाला साधारण सात थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), बस्स. रोलरला ही कडेची भानगड नाही, त्यामुळं तेवढ्याच ड्युरेशनमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहायच्या तेवढ्याच काळात, तो जास्त उघडतो आणि जास्त वेळ मोठा उघडा राहतो. गंमत म्हणजे सीटवरून पहिल्यांदा उचलताना फ्लॅट टॅपेट काही कमी नसतो, तिथं तो रोलरच्या पुढं पण असू शकतो, रोलर बाजी मारतो ती नंतर. म्हणून लहान ड्युरेशनच्या साध्या कॅमला रोलरचा खर्च बऱ्याचदा वसूल होत नाही.

आणि रोलरशिवाय रेस होतच नाही असं पण कुणी समजू नका. अमेरिकेतल्या नॅसकार कप सिरीजमध्ये २०१४ पर्यंत फ्लॅट टॅपेटच होते आणि ती इंजिनं ९००० आरपीएमच्या वर फिरायची! २०१५ च्या नियमात रोलर आले.

माझ्या बुलेटला बसतील का? जीपला? ट्रॅक्टरला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. जुनी कास्ट आयर्न बुलेट पुशरॉडची आहे, पण टॅपेट सपाट पायाचे आणि कॅम त्यांच्याच मापाचा. रोलर करायचा म्हटलं तर कॅम, टॅपेट गाईड, पुशरॉड सगळंच नवीन बनवायला लागतं आणि तेवढ्या पैशात हेडचं चांगलं काम होतं, मी तर हेडच करा म्हणेन. त्या गाडीला इनटेकचा पुशरॉड बोटानं मोकळा फिरला पाहिजे पण वर-खाली खेळ नको, एवढं सेटिंग नीट ठेवलं तरी गाडी खूश असते. त्यानंतरच्या यूसीई (इंजिन-गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, सेट करायचं कामच नाही. मिटिऑर आणि नवीन क्लासिकचं ३५० इंजिन, तसंच ६५० ट्विन, या गाड्यांत कॅम वर हेडमध्येच असतो, पुशरॉड नाहीत, म्हणजे हा लिफ्टरच नाही. ड्यूक ३९० मध्ये डीएलसी (कडक कार्बनच्या) कोटिंगचे फिंगर फॉलोअर, म्हणजे कॅमखालचे बोटासारखे दांडे, असतात, तो विषय वेगळा.

ट्रॅक्टरला कशाला पाहिजे? बावीसशे-चोवीसशे आरपीएमला गव्हर्नर धरतो, तिथं फ्लॅट टॅपेट वर्षानुवर्षं जातो. जुन्या डिझेल जीपचं पण तेच.

मग हे कुणासाठी, तर ज्यांच्याकडं पुशरॉडचं व्ही-८ आहे, ड्रॅगची गाडी बनवतायत, किंवा बाहेरच्या रेस इंजिनचं काम आपल्याकडं आलंय, त्यांच्यासाठी. आणि कुपवाड, मिरज, साताऱ्याच्या एमआयडीसीत असे पार्ट एक्स्पोर्टला बनवणारी मंडळी पण विचारत असतात, त्यांच्यासाठी खाली वेगळं लिहिलंय.

हायड्रॉलिक घेऊ का सॉलिड?

रस्त्यावर पण चालवायची आणि ६५०० च्या आत फिरवायची तर हायड्रॉलिक. आत ऑइलवर तरंगणारा प्लंजर असतो, तो क्लिअरन्स स्वतःच खाऊन टाकतो, आवाज नाही, सेटिंग नाही. एकदा बसवताना प्रीलोड द्यायचा, म्हणजे प्लंजर थोडा आत दाबून ठेवायचा, लिफ्टर बनवणाऱ्यानं सांगितलेला, साधारण वीस ते साठ थाऊच्या मध्ये असतो. पण जड असतो, आणि वरच्या आरपीएमला स्प्रिंगनं साथ सोडली की प्लंजर वर येऊन व्हॉल्व्ह धरून ठेवतो, सिलिंडर कॉम्प्रेशन सोडतं आणि गाडी वर फिरतच नाही. चांगल्या डिझाइनला हायड्रॉलिक पण पळतो हां, कॉर्व्हेट झी०६ चं एलएस७ हायड्रॉलिक रोलरवर कंपनीतूनच ७००० ला जायचं.

त्याच्या वर, कडक स्प्रिंग, मोठी लिफ्ट, मग सॉलिड, म्हणजे आत असा प्लंजर नसलेला. सॉलिड घेतला म्हणजे फिलर गेज हातात आला, ज्यांना वरचेवर कव्हर खोलायचा कंटाळा आहे त्यांनी घेऊ नका, मनापासून सांगतोय.

स्प्रिंग किती कडक टाकायची? जेवढी कडक तेवढी चांगली ना?

नाही. कॅमसोबत आलेल्या कार्डवर लिहिलेली टाकायची. अंदाजासाठी सांगतो, हायड्रॉलिक रोलरला सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असताना, १२० ते १५० पौंड असतात, रस्त्यावरच्या सॉलिड रोलरला २०० च्या आसपास, आणि ड्रॅगच्या इंजिनात सीटवर ३०० च्या वर आणि पूर्ण उघड्यावर ८०० ते १००० पण जातात.

आता हिशोब बघा. व्हॉल्व्हवर ७०० पौंड आणि रॉकर (पुशरॉडची ढकल व्हॉल्व्हला देणारा दांडा) १.६ चा, म्हणजे लिफ्टरच्या १.६ पट व्हॉल्व्ह उचलणारा, तर लिफ्टरवर ७०० गुणिले १.६ म्हणजे ११२० पौंड, म्हणजे जवळजवळ ५०८ किलो. दहा पोती सिमेंट एका करंगळीएवढ्या चाकावर! आणि इंजिन ८००० ला फिरत असेल तर कॅम ४००० ला, म्हणजे हे ओझं सेकंदाला ६६-६७ वेळा येतं आणि जातं. एवढं असलं तरी चांगला लिफ्टर हे ओझं झेलतो. तो मरतो दणक्यानं, आणि दणका कधी बसतो तर स्प्रिंग कमी पडल्यावर, चाक लोब सोडून हवेत जातं आणि परत येऊन आपटतं. म्हणजे स्प्रिंग फार कडक पेक्षा मऊ पडलेली स्प्रिंग जास्त लिफ्टर खाते. स्प्रिंग वापरून थकते, म्हणून स्प्रिंग टेस्टरवर अधूनमधून लावा आणि नवीन असतानाच्या आकड्याशी ताडून बघा.

टॅपेट क्लिअरन्स किती ठेवायचं आणि कितीदा बघायचं?

किती, ते कॅमचं कार्ड सांगेल. सॉलिड रोलरला बऱ्याच कॅमना सोळा ते चोवीस थाऊ असतं, टाइट लॅशवाल्यांना, म्हणजे कमी क्लिअरन्सच्या कॅमना, सहा ते दहा पण असतं. हे बहुतेक वेळा गरम इंजिनाचं माप असतं. थंड सेट करताना लोखंडी ब्लॉक आणि अॅल्युमिनियम हेड असेल तर सहा थाऊच्या आसपास कमी ठेवून सुरुवात करायची, दोन्ही अॅल्युमिनियम असेल तर बारा थाऊ, मग इंजिन गरम करून परत मोजायचं आणि आपल्या इंजिनाचा खरा फरक वहीत लिहून ठेवायचा.

मोजायची पद्धत सोपी आहे. एक सिलिंडर धरा, इंजिन फिरवा, एक्झॉस्ट उघडायला लागला की त्या सिलिंडरचा इनटेक सेट करा. अजून फिरवा, इनटेक पूर्ण उघडून बंद होत आला की एक्झॉस्ट सेट करा. फिलरची पट्टी ओढताना हलकी अडकली पाहिजे, खेचायला लागता कामा नये.

आता कितीदा. ड्रॅगची गाडी असेल तर प्रत्येक रेस मीटिंगनंतर, आणि प्रत्येक व्हॉल्व्हचा आकडा वहीत, तारखेसकट. सांगलीतल्या एप्रिलच्या दुपारचं थंड इंजिन आणि डिसेंबरच्या पहाटेचं थंड इंजिन सारखं नसतं, अॅल्युमिनियम हेडला थोडा फरक येतोच, म्हणून तापमान पण शेजारी टाका. का एवढं सांगतोय, तर पॉलीलॉक (रॉकरचा लॉक होणारा सेटिंगचा नट) घट्ट असताना सॉलिडचं क्लिअरन्स आपोआप हलत नाही. कमी झालं असेल तर व्हॉल्व्ह सीटमध्ये खाली बसत चाललाय, हेडकडं बघा. वाढलं असेल तर खालून वरपर्यंत काहीतरी झिजलंय, लोब, लिफ्टरचं चाक, नीडल, पुशरॉडचं टोक, रॉकर, यातलं काहीतरी. सोळाच्या सोळा व्हॉल्व्हचं दोन-एक थाऊ सरकलं तर तो तापमानाचा किंवा हाताचा फरक असेल, पण एकट्या सातव्या सिलिंडरच्या एक्झॉस्टचं पाच-सहा थाऊ वाढलं तर लिफ्टर बाहेर काढून बघायचाच.

आणि इथं बहुतेक जण काय करतात, पाना घेतात, परत सेट करतात आणि चालू. एका गिऱ्हाईकाच्या इंजिनात आधीच्या गॅरेजनं हेच केलं होतं, एकाच व्हॉल्व्हला परत परत. आमच्याकडं इंजिन आलं तेव्हा त्या लिफ्टरचं चाक एका बाजूनं चपटं झालेलं, नीडल एक पण जागेवर नाही, अर्ध्या ऑइल पॅनमध्ये चुंबकाला चिकटलेल्या आणि बाकीच्या पंपाच्या गिअरमध्ये दळलेल्या, बेअरिंगवर त्याचे ओरखडे. क्लिअरन्सनं सांगितलं होतं की राव, वेळेवर सांगितलं होतं.

क्लिअरन्स जास्त ठेवलं तर सेफ राहतं असं म्हणतात, खरं का?

उलटं आहे. लोबच्या सुरुवातीला एक हळू चढणारा रॅम्प दिलेला असतो, क्लिअरन्स तिथं हळूच संपावं म्हणून. जास्त ठेवलं की रॅम्प रिकामाच निघून जातो आणि चाक थेट वेगवान चढावर जाऊन आदळतं, ठोका नीडलवर. शिवाय व्हॉल्व्ह बंद असताना चाकावर वजन नसतं, त्याचा वेग कमी होतो, मग एकदम भार येतो तेव्हा ते लोबवर आधी घसरतं आणि मग फिरतं. क्लिअरन्स जेवढं मोठं तेवढं हे जास्त.

नीडलवाला का बुशवाला?

नीडलवाल्यात घर्षण कमी आणि थोड्या ऑइलवर पण भागतं, पण नीडलचा टेकायचा भाग म्हणजे एक बारीक रेघ, दणक्याला ती कच्ची. आणि तुटली तर सुट्टे तुकडे सगळ्या इंजिनात. बुशवाल्यात भार मोठ्या जागेवर पसरतो, तुटून पसरायला काही नसतं, पण अॅक्सलला प्रेशरनं ऑइल मिळालंच पाहिजे. बरेच दिवस कडक स्प्रिंगवर चालवायचंय, ऑइलिंग चांगलं आहे, तर माझं मत बुशकडं.

दोन्हीत प्रेशर ऑइलिंगचाच घ्या, म्हणजे लिफ्टरच्या अंगातून अॅक्सलपर्यंत ऑइलचं भोक असलेला. जुन्या प्रकारात चाकाला जे उडेल त्या ऑइलवरच भागवायचं.

आयडलला तासभर ठेवलं तर काय होतं? गाडी तर उभीच असते ना.

उभी असते हाच प्रॉब्लेम. कॅम आणि चाकांवर बरंचसं ऑइल क्रँक उडवतो, आयडलला क्रँक हळू, ऑइल प्रेशर पण खाली, आणि स्प्रिंग तर तेवढीच कडक. म्हणून मिरवणुकीत, वाढदिवसाला, शोमध्ये कडक स्प्रिंगची गाडी घुमवत उभी करू नका. उभी करायलाच लागली तर आयडल थोडा वर ठेवा.

ऑइल कुठलं टाकू? झिंकवालं पाहिजे म्हणतात.

झिंक म्हणजे ऑइलमधलं झीज थांबवणारं झिंक-फॉस्फरसचं अॅडिटिव्ह. त्याचा जीवन-मरणाचा प्रश्न फ्लॅट टॅपेटला असतो, कारण तिथं लोबवर घासणं आहे. २००४ च्या एपीआय (ऑइलच्या दर्जाचं अमेरिकी मानक) एसएम ग्रेडपासून ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ पेट्रोल ऑइलमध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्यावर आणला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो म्हणून, आणि तेव्हापासून जुन्या इंजिनांचे फ्लॅट टॅपेट जायच्या तक्रारी वाढल्या. आपल्याकडं अशा इंजिनात लोक डिझेलचं १५डब्ल्यू-४० सीआय-४ टाकतात, त्यात हे अॅडिटिव्ह जास्त असतं, चालतं. पण ओला क्लच असलेल्या मोटारसायकलला जासो एमए लिहिलेलंच ऑइल, तिथं प्रयोग नको.

रोलरला झिंकपेक्षा स्वच्छ ऑइल आणि भरपूर ऑइल महत्त्वाचं. फिल्टर प्रत्येक वेळी कापून उघडा, कागद पसरून उन्हात बघा. चमकणारी बारीक सुई सापडली तर इंजिन परत चालू करायचं नाही.

नवीन लिफ्टर बसवताना ब्रेक-इन करायचं का?

फ्लॅट टॅपेटला पहिली वीस-तीस मिनिटं दोन-अडीच हजारावर ठेवायला लागतं तसं रोलरला नाही. पण लिफ्टर आधी स्वच्छ धुवून इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. चाकाला जाड काळी मॉली पेस्ट थापू नका, चाक फिरायच्या ऐवजी घसरतं. स्टार्ट करायच्या आधी ऑइल पंप ड्रिलनं फिरवून रॉकरपर्यंत ऑइल आलेलं डोळ्यानं बघा. स्प्रिंग नवीन असतील तर एकदा गरम करून, पूर्ण थंड होऊ देऊन, मग परत क्लिअरन्स.

फ्लॅटचं रोलर करताना अजून काय काय बदलायला लागतं?

इथं बजेट कोसळतं, म्हणून नीट वाचा. रोलर लिफ्टर उंच असतो त्यामुळं पुशरॉड आखूड लागतात, आणि लांबी अंदाजानं नाही, लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या चेकिंग पुशरॉडनं मोजून. रोलर लोबला उतार नसतो त्यामुळं कॅम पुढं-मागं सरकायला मोकळा होतो, त्याला थ्रस्ट प्लेट नाहीतर पुढं बटन लागतं. रोलर कॅम बहुतेक पोलादाचा असतो, त्याच्यावर साधा कास्ट डिस्ट्रिब्युटर गिअर लावला तर गिअर खाऊन टाकतो, ब्राँझ किंवा कॅमवाल्यानं सांगितलेलाच गिअर घ्या. स्प्रिंग, रिटेनर, लॉक वेगळे. आणि लिफ्टर फिरू नयेत म्हणून दोन-दोन लिफ्टर टायबारनं जोडलेले, किंवा ब्लॉकला गाईड, किंवा रेस ब्लॉकमध्ये लिफ्टरच्या बोअरला (ज्या भोकात तो वर-खाली होतो) चावी. टायबार ब्लॉकला कुठं घासतोय का ते इंजिन हातानं पूर्ण फिरवून बघा, लिफ्ट मोठी असेल तर हमखास कुठंतरी लागतो.

लिफ्टर खोलल्यावर चांगला का वाईट ते कसं कळणार?

आधी सॉल्व्हंटमध्ये धुवायचा, ऑइल पूर्ण निघालं पाहिजे, कारण ऑइलमुळं खरखर लपते. मग वाळवून कानाजवळ धरा आणि बोटानं चाक हळूहळू फिरवा. वाळूचा कण असल्यासारखं कुठं अडलं, खरखरलं, तर बाद. नंतर चाक दोन बोटांत धरून वर-खाली ओढा, हाताला खेळ लागता कामा नये. डाव्या-उजव्या बाजूला थोडा खेळ असतो, तो असायलाच पाहिजे, त्याला घाबरू नका. चाकाच्या तोंडावर टोचल्यासारखे खड्डे किंवा एकाच कडेला चमक असेल तर बोअर तिरका आहे किंवा लिफ्टर फिरतोय.

एअर गननं चाक भुर्रर्र फिरवून बघायची सवय लय जणांना आहे. कृपा करून नको, कोरड्या नीडल त्या स्पीडला तिथंच खराब होतात.

काढताना प्रत्येक लिफ्टरवर नंबर टाका, ज्या बोअरचा तो त्याच बोअरला परत गेला पाहिजे.

आपल्या एमआयडीसीत बनवून मिळतील का? बाहेरून मागवायला फार पैसे जातात.

किर्लोस्करवाडीत १९१० पासून यंत्रं बनतायत, साताऱ्यात कूपरचं नाव सगळ्यांना माहीत, शेजारी कोल्हापूरच्या फाउंड्र्या, त्यामुळं हात आणि मशीन आपल्याकडं आहेत यात मला शंका नाही. पण ड्रॉइंग घेऊन येणाऱ्यांना मी चार गोष्टी विचारतो.

बॉडी २०एमएनसीआर५ किंवा ईएन३६ मध्ये होते, केस हार्डनिंग करून साधारण ६० एचआरसी कडकपणा, मग बाहेरून सेंटरलेस ग्राइंडिंग. इथपर्यंत कुपवाडात रोज चालतं. अवघड तिथून पुढं. हीट ट्रीटमेंटमध्ये बॉडी जराशी वाकते आणि अॅक्सलचं भोक बॉडीच्या अक्षाला काटकोनात राहत नाही, ते हार्ड झाल्यावर परत फिनिश करावं लागतं, आणि तो काटकोन कशावर तपासणार हे आधी ठरवा. चाक ईएन३१ चं चालेल, पण ग्राइंडिंग करताना जळलं तर डोळ्याला न दिसणारी भेग पडते आणि ती थेट रेसमध्ये उघडते. चाकाला मधोमध अगदी किंचित फुगवटा द्यावा लागतो, नाहीतर कडा लोब खणतात. आणि नीडल पिंजऱ्याशिवाय भरलेल्या असतात, एका लिफ्टरमधल्या सगळ्या नीडल दोन मायक्रॉनच्या आत जुळणाऱ्या पाहिजेत, एक जाड असली तर सगळा भार तीच घेणार आणि तीच आधी फुटणार.

म्हणून माझा सल्ला असा की रेस इंजिनसाठी लिफ्टर तयारच घ्या, कॅमसोबत शिफारस केलेले. आपल्याकडं करून घ्यायचं काम म्हणजे ब्लॉकचे लिफ्टर बोअर. झिजलेले किंवा तिरके बोअर फिक्स्चर लावून मोठे करायचे, ब्राँझ बुश बसवायचा, होन करून एक ते दोन थाऊचं क्लिअरन्स आणायचं. हे काम इथं उत्तम होतं, आणि त्यानं लिफ्टरचं आयुष्य खरंच वाढतं. चेक करताना बोअर गेज वर, मध्ये आणि खाली, तिन्ही ठिकाणी लावा.

सेकंड हँड सेट स्वस्तात मिळतोय, घेऊ?

सॉलिड रोलर असेल तर नको. आत काय झालंय ते बाहेरून दिसत नाही. घेतलाच तर आधी रिबिल्डला पाठवायचा धरूनच भाव करा, बरेच बनवणारे चाक, अॅक्सल, नीडल बदलून देतात.

किती दिवस चालतात?

स्प्रिंग, आरपीएम, आयडल आणि क्लिअरन्स सांगा मग सांगतो. साध्या रस्त्याच्या हायड्रॉलिकला इंजिनाएवढं आयुष्य असू शकतं. ड्रॅगच्या सॉलिडला सीझन संपला की काढून रिबिल्ड, तक्रार नसली तरी.

रेसच्या दिवशी सकाळी एकाच व्हॉल्व्हचं क्लिअरन्स आठ थाऊ वाढलेलं सापडलं. सेट करून एक रन मारू का?

नाही. पहिल्यांदा पॉलीलॉक ढिला झालाय का बघा. घट्ट असेल तर पुशरॉड काढून दोन्ही टोकं बघा, सरळ आहे का ते काचेवर लोळवून बघा, रॉकरची टीप आणि बेअरिंग बघा. यात काही सापडलं आणि स्पेअर जवळ असेल तर बदला, सेट करा, चालू करून गरम करा आणि परत मोजा. वर काहीच सापडलं नाही तर दोष खाली आहे, लिफ्टर किंवा लोब. गाडी ट्रेलरवर चढवा, ऑइल चुंबकावरून गाळून घ्या आणि फिल्टर तसाच पिशवीत घालून सोबत आणा, कापून बघू.